कोऱ्या भिंतीवरची ओळ

शाळाशाळांतून मुलांचे डोळे तपासत फिरणाऱ्या त्या सिस्टरला पोरं पाठीमागे ‘ढापणी’ म्हणायची. म्हणोत. तिच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या होत्याच. तिला खुपायचं ते वेगळंच. ती स्वतः तिसरीत असताना फळ्यावरचं दिसेना, तेव्हा सरांनी कान पिरगाळून विचारलं होतं, “डोळे आहेत की बटणं?” आणि वर्षभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. नापास झाली. पुढे आत्याने चष्मा करून दिला तेव्हा कळलं, मठ्ठ आपण नव्हतोच. त्या दिवसापासून तिने डूख धरला.

वीस वर्षांनी तीच शाळा तिच्या वाट्याला आली. तेच सर आता हेडसर. निवृत्तीला थोडेच दिवस, आणि ‘निरोगी शाळे’ची ढाल मिळणारच म्हणून त्यांनी कपाटातली जागाही पुसून ठेवलेली.

“सिस्टर, आमच्या पोरांची नजर ससाण्याची!” ते म्हणाले. तिला ओळखलं मात्र नाही.

तिसरीची पोरं वीस फुटांवरून दरवर्षीचाच अक्षरांचा तक्ता धडाधड वाचत गेली. एक चूक नाही. मग एका किडकिडीत मुलीची पाळी आली. ती मधल्या ओळीवर असतानाच खिळा निसटला, तक्ता धप्पकन खाली. सिस्टर उचलायला वाकली, तरी मागून आवाज चालूच, “ग, ल, द, प...”

पोरगी कोऱ्या भिंतीवरून पुढची ओळ वाचत होती!

“कुणी शिकवलं गं हे?”

“हेडसरांनी. रोज प्रार्थनेनंतर म्हणून घेतात. पाढ्यांसारखं.”

“आणि फळ्यावरचं दिसतं?”

मुलगी नखं कुरतडत म्हणाली, “सर म्हणतात मी मठ्ठ आहे. यंदा नापास करणारेत.”

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती हेडसरांना गोड हसून म्हणाली, “कमाल आहे तुमची! शनिवारी पालकांनाच दाखवू या की.”

शनिवारी तिने नवा तक्ता टांगला. अक्षरं सगळी वेगळी. “सुरुवात तुम्हीच करा, सर.”

चष्मा म्हणजे म्हातारपणाची जाहिरात, असं मानणाऱ्या हेडसरांनी छाती काढून जुना तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हटला.

पुढच्या बाकावरचा एक बाप फिस्सकन हसला. “अहो सर, हे लिहिलंय कुठं?”

हशा मागच्या बाकापर्यंत गेला. हेडसर डोळे बारीक करकरून बघत राहिले.

“डोळे आहेत की बटणं, सर?” सिस्टरने विचारलं.

आता त्यांनी ओळखलं. चेहरा पांढराफटक पडला.

तिने तिथंच पालकांदेखत सगळ्या पोरांची तपासणी नव्याने सुरू केली. चष्म्याची पहिली चिठ्ठी त्या किडकिडीत मुलीच्या आईच्या हातात ठेवली. “मठ्ठ नाही ही. नापास करून तर दाखवू देत, मी आहे.”

थोड्या वेळाने हेडसर जवळ येऊन पुटपुटले, “सिस्टर, मलाही हल्ली धूसर दिसतं. चिठ्ठी मिळेल?”

“मिळेल की. रांगेत या. पोरांच्या मागे.”

रांग भिंतीला लागून होती. सर जाऊन उभे राहिले. आणि सिस्टरने त्या दिवशी एकेक पोर अगदी सावकाश तपासलं.