डेल्फिना कोंदोरीची सही

युंगासच्या खोऱ्यातल्या वीजकेंद्रात डेल्फिना कोंदोरी बावीस वर्षं आकडेमोड करत होती. पदवी नव्हती. ला पासच्या तांत्रिक शाळेत दोन वर्षं झाली आणि बाप गेला, शिक्षण तिथेच सुटलं. पण लाप्लास रूपांतर तिच्या हातात असं बसलं होतं, की पदवीवाले इंजिनियरही गुपचूप तिच्यापुढे कागद सरकवायचे आणि आदराने तिला 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणायचे. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या गोष्टींची किचकट समीकरणं ती त्या रूपांतराने साध्या बीजगणितात उतरवायची. बदलाच्या वेगाच्या जागी एका अक्षराचा गुणाकार, बस्स. मग समीकरणाची मुळं काढायची. मुळाचा वास्तव भाग ऋण आला, तर यंत्राचा हेलकावा विरत जातो. धन आला, तर वाढतच जातो.

१९७८ साली आर्तेआगा नावाचे नवे प्रमुख आले. केंद्राची वीज घेणाऱ्या खाणीकडून तक्रारी होत्या, दिवे मिचमिचतात म्हणून. त्यांनी ठरवलं, टर्बाइनला पाणी सोडणारी झडप आता दुप्पट जोमाने उघडझाप करेल.

डेल्फिनाने गणित मांडलं. डोंगरावरून येणारा नळ लांबलचक. झडप झटकन उघडली तरी एवढं पाणी लगेच वेग घेत नाही. उलट दाब पडतो, वीज आधी कमीच होते, आणि टर्बाइन सांभाळणारं नियंत्रक यंत्र ती झडप आणखी उघडतं. तिने तीनदा मुळं काढली. तिन्ही वेळा धन.

"साहेब, हे हेलकावे वाढत जातील. दुप्पट नको, थोडंसंच वाढवा."

"दोन्या डेल्फिना, कागदावर सगळंच डळमळतं. खऱ्या नळात पाण्याला घर्षण असतं."

"घर्षण धरलंय, साहेब. दुसऱ्या पानावर बघा."

आर्तेआगांनी पान उलटलं नाही. "या बदलाच्या कागदावर तपासणाऱ्याच्या रकान्यात सही करा. नाहीतर त्या खुर्चीवर पदवीवाला बसवतो."

तिचा नवरा एफ्राइन खाणीतून छाती पोखरून घरी आला होता. तिची नोकरी होती म्हणून केंद्राच्या दवाखान्यातून त्याला ऑक्सिजन मिळत होता. तिने सही केली.

चाचणीच्या सकाळी ती यंत्रघरात गेली. झडपेवर सिप्रियानो होता, गालात कोकाची पानं धरलेला.

"काय हो दोन्या, चेहरा का पाडलाय? आकडे रुसले की काय?"

"दाबाचा काटा डुलायला लागला ना, तर हाताने चाक फिरवून सावकाश बंद कर. कोणाला विचारत बसू नकोस."

"तुमची सही आहे त्यावर. मी तर डोळे मिटून उभा राहीन."

तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात आर्तेआगा जिना उतरून आले.

दहा वाजता खाणीतली मोठी मोटर सुरू झाली. काटा जरासा डुलला, परत आला, मग आणखी लांब गेला. तिसऱ्या फेरीला डेल्फिना ओरडली, "बंद कर!" सिप्रियानो खाली चाकाकडे धावला. चाक अर्धं फिरलं असेल नसेल, वाढत्या दाबाने नळाचा सांधा फुटला आणि पाण्याने त्याला भिंतीवर आपटलं. जीव वाचला. उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

चौकशीत आर्तेआगांनी तिच्या सहीचा कागद पुढे केला. डेल्फिनाने आपली सगळी पानं टेबलावर ठेवली. "हे मला आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "कळूनही सही केली." आर्तेआगांची बदली झाली, तिला काढून टाकलं. ऑक्सिजन थांबला. कामगार संघटनेने धावपळ करून थोडाफार मिळवला, पण एफ्राइनने हिवाळा काढला नाही.

दफन उरकल्यावर ती सिप्रियानोकडे गेली. तो बाकावर बसून डाव्या हाताने बटाटा सोलायला बघत होता. तिने मदतीला हात पुढे केला, तर त्याने बटाटा बाजूला ओढला.

"सहीचं खरं सांगितलं असतंत, तर मी यंत्र सुरूच केलं नसतं. आम्ही सगळे काम बंद करून बसलो असतो."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेब आणि एफ्राइन, या दोघांपलीकडे तिने कोणाचा विचारच केला नव्हता.

पुढे संघटनेच्या खोलीत ती झडपेवरच्या माणसांना मुळं काढायला शिकवू लागली. महिनाभराने सिप्रियानोही येऊन मागच्या बाकावर बसू लागला. वेडीवाकडी का होईना, डाव्या हाताने गणितं सोडवायचा. तिच्याशी मात्र तो कधी बोलला नाही, आणि तिनेही त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही.