उपरण्याखालचा हात

टँकर आला की आमच्या गल्लीतल्या बाया आधी पाण्याकडे नाही, आक्कांकडे बघायच्या. आक्का पाइपाखाली ओंजळ धरायच्या, हुंगायच्या, घोटभर जिभेवर ठेवायच्या आणि ड्रायव्हरला विचारायच्या, "कुठल्या हिरीचं हाय?" तो काय सांगेल ते त्या खरं धरत नसत. फक्त सांगताना त्याचे डोळे कुठे जातात ते बघत. त्यांनी मान हलवली की मग घागरी पुढे सरकायच्या. देवणीकडच्या आमच्या गावात त्यांना झडतीआक्का म्हणत. अर्थात पाठीमागे.

आक्का म्हणजे माझ्या मालकांच्या थोरल्या बहीण. लवकर विधवा होऊन भावाकडे आल्या आणि गाई-वासरं पाळून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. मी लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी माझी पेटी उघडून साबणाची वडीसुद्धा हुंगून पाहिली होती. मला पहिल्यापासून बोलायचं भ्या वाटतं. आक्कांना तेही पटत नव्हतं. "गप बसणाऱ्या बाईच्या मनात काय चालून राहिलंय ते कळत न्हाई," असं त्या माझ्यासमोरच शेजारणीला सांगत. पुढे मात्र घराच्या किल्ल्या त्यांनी माझ्याकडेच दिल्या.

त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, माणसाच्या हातावर. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने करत नाहीत. दोघं उपरण्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. ही पुरुषांची रीत. आक्का खांद्यावर टॉवेल टाकून जायच्या आणि खुशाल हात पुढे करायच्या. आधी माणसं लाजायची, मग सवय झाली. त्या म्हणायच्या, "तोंड काय बी बोलतंय. हाताला बोलाया शिकवलेलं नसतंय." भाव चांगला मिळूनही एखाद्याला त्या वासरू द्यायच्या नाहीत. हात कोरडा ठाक आहे, ह्याला जनावर नुसतं पुढे विकायचंय, म्हणायच्या. ज्याला ते मनापासून हवं असतं, त्याच्या हाताला घाम सुटतो. आणि त्यांचा आणखी एक नेम होता. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, पण विचारलं नाही ते सांगायचंही नाही.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा नवा जिल्हा होणार अशी रोज बातमी यायची. मालक पारावरून ऐकून यायचे आणि आक्का भाकरी थापता थापता म्हणायच्या, "जिल्हा होऊ द्या की. प्यायला काय देणार हायेत, नकाशा?"

अशात एक दिवस मालकांच्या मोबाईलवर फोटो आला. आमच्या लेकीचा, वैशालीचा. नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर होऊन ती हैदराबादला नोकरीला होती. फोटोत एका उंच गोऱ्या माणसाने तिच्या कमरेवर हात ठेवला होता आणि ती हसत होती. पाठवणाऱ्याने खाली काही लिहिलं नव्हतं, ते जास्त लागलं. फोनवर वैशालीने सांगितलं की हा स्विंग नावाचा जोडीने करायचा नाच आहे, देशोदेशीची माणसं शिबिराला आलीत, तो माणूस शिकवणारा आहे. मालकांनी ऐकून घेतलं नाही. नोकरी सोड, घरी ये, निलंग्याचं स्थळ आहे, असं ठरवून टाकलं. वैशाली नुसती रडत होती.

"फोटोवर माझा इश्वास न्हाई," आक्का म्हणाल्या. "आन पोरीच्या रडण्यावर बी न्हाई. मी बघून येते. मंग काय ते ठरवू."

आक्कांचा शब्द म्हणजे पंचाचा शब्द. मालक कबूल झाले. मला सोबतीला घेतलं.

शिबिर हैदराबादबाहेरच्या एका मोठ्या हॉलमध्ये होतं, राहायची सोय तिथेच. आक्कांनी आधी वैशालीच्या खोलीतल्या गाद्या उचलून पाहिल्या. मग हॉलमध्ये लोकांनी अर्ध्या टाकून दिलेल्या पाण्याच्या बाटल्या दिसल्या, तर त्या सगळ्या हुंगून घरून आणलेल्या कॅनमध्ये ओतून घेतल्या. स्वीडनची, कोरियाची माणसं बघत राहिली. मी खांबाआड उभी होते.

बाजा सुरू झाला. जोड्या गोल करून उभ्या राहिल्या. थोडं नाचून झालं की गोऱ्याच्या जोडीने शिकवणारी मास्तरीण टाळी वाजवायची आणि पुरुष पुढच्या बाईकडे सरकायचे. आक्का डोळे बारीक करून वैशालीकडे बघत होत्या. पहिला गेला, दुसरा गेला, तिसराही हात सोडून पुढे गेला, तशा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्यानं बी न्हाई म्हटलं?"

मला काही उमजेना. चौथा सरकला आणि आक्का तडक मधे शिरल्या. "क्या खोट है हमारे पोरी में? जो आता वो छोड के जाता."

पोरीला कुणी धरलं म्हणून भांडायला आलेल्या आक्का, कुणी ठेवून घेत नाही म्हणून भांडत होत्या. त्यांना वाटलं, मुलगी बघायचा कार्यक्रम चाललाय आणि एकेक जण नापसंत करून जातोय. बाजा थांबला. वैशालीचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "आत्या, इथं कुणी कुणाला पसंत करत नाही. सगळ्यांनी सगळ्यांबरोबर नाचायचं. कुठं वळायचं ते बोलायचं नाही, हातानं सांगायचं."

"हातानं?" आक्का थांबल्या. "मंग मला बी उभी कर."

"आत्या, मी काय वासरू आहे का?"

"गप. वासरू कोण बघतंय? मी घेणारा बघून राहिले."

आक्का बायांच्या गोलात उभ्या राहिल्या. येईल त्याचा हात धरायचा, वर पदर टाकायचा आणि बोटं दाबायची. कोरियाच्या पोराला तो नाचाचाच भाग वाटला, त्याने वाकून नमस्कार केला. फोटोतला गोरा आला. जवळून तो चांगला म्हातारा दिसत होता. त्याचा हात त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि सोडला. शेवटी चष्मेवाला एक बुटका तेलुगू पोरगा आला. त्याचा हात मात्र आक्कांनी लवकर सोडला नाही. टाळी वाजली तरी नाही, पुढचा माणूस ताटकळत उभा राहिला. मग त्यांनी तळवा लुगड्याला पुसला आणि माझ्याशेजारी खांबाला येऊन टेकल्या.

परतताना बसमध्ये त्या कॅन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जहीराबादच्या पुढे एवढंच म्हणाल्या, "त्या बुटक्याच्या हाताला लई घाम हाय." मला वाटलं, पंख्याखाली नव्हता बिचारा.

घरी मालक दारातच उभे. त्यांनी विचारलं, "त्या गोऱ्याचं काय?"

"त्याच्या हातात सौदा न्हाई," आक्का म्हणाल्या. "शिकवणारा हात हाय. पोरीला ऱ्हाऊ दे तिथं."

मालकांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढे काही विचारलं नाही. निलंग्याला नकार कळवला. आक्का माझ्याकडे बघत होत्या. मला संशय आला की ह्या काहीतरी राखून आहेत. पण माझं तोंड कधी उघडलंय?

पुढच्या वर्षी आक्का लातूरच्या दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, लवकरच घरी जाल. आक्कांनी चादरीखाली त्यांचा हात धरला. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "खोटं बोलून राहिला. पर माणूस चांगला हाय." त्यांचंच खरं झालं.

आक्कांचं वर्षश्राद्ध झाल्यावर वैशाली एका मुलाला घेऊन आली. लग्न करीन तर ह्याच्याशी, म्हणाली. दारात तोच चष्मेवाला बुटका पोरगा उभा. मालक तोंड फिरवून बसले. "आज आक्का असती तर हे धाडस झालं नसतं," म्हणाले.

मी उठले. त्याचा हात हातात घेतला आणि वर पदर टाकला. मला बोटांची भाषा येत नाही. पण हात ओलाचिंब होता.

"आक्कांनी बघितलाय ह्याचा हात," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं नव्हतं."