जपानातली लोखंडी गाडी

बैलगाडी उताराला लागली की सोनाजीमामा दोन्ही हात वर करून मोठ्यानं ओरडायचा. बैलांना त्याची सवय झाली, आमच्या केनवड गावच्या लोकांना कधीच झाली नाही. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ कैक वर्षं मुंबईच्या मालवाहू बोटीवर खलाशी होता. पन्नास सालानंतरचं ते दशक सरत आलं तेव्हा तो नोकरी सोडून गावी परतला.

पारावर बसून तो जपानच्या गोष्टी सांगे. तिथल्या एका बागेत म्हणे घरांहून उंच लोखंडी रूळ आहेत. त्यांवरून छोटे डबे हळूहळू आभाळाकडे चढतात आणि टोकावरून एकदम खाली झेपावतात. "लोकं तिकीट काढून वरडतात," असं तो म्हणाला की सगळे हसत. पण नोकरी काहून सोडली, असं कुणी विचारलं की मामा तंबाखू मळत बसे.

त्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. तो समुद्रावर असताना त्याची एकुलती मुलगी देवीच्या साथीत गेली. पारूमामीनं ते एकटीनं सोसलं. मामा आल्यावर ती त्याला वेळेवर जेवू घाली, पण बोलत नसे. रडलीही नव्हती. माझ्या आईला त्याचीच धास्ती वाटे.

त्या वर्षी जत्रेत लाकडी पाळणा आला. मला घेऊन निघताना मामा चुलीपाशी थांबला.

"पोरीची बातमी मले जपानात समजली, पारू. सोबत्यायनं मन रमावं म्हून त्या गाडीत बसवलं. खाली येतानी मी लय रडलो. सारेच वरडत होते. काहून रडतं, असं कोनीच नाई इचारलं."

मामीनं चुलीतली लाकडं मागं ओढली, पदर डोक्यावर घेतला आणि आमच्याबरोबर निघाली.

पाळण्यात मी त्या दोघांसमोर बसले होते. आधी मामी डोळे मिटून दांडा घट्ट धरून बसली. मग वर गेल्यावर तिच्या तोंडून लेकीचं नाव निघालं. पुढच्या फेरीला तिनं ते मोठ्यानं घेतलं, आणि मग तिला आवरेना. पाळणेवाला घाबरून पाळणा थांबवू लागला.

"फिरू दे, भाऊ," मामा वरूनच म्हणाला.

परतताना गावाच्या वाटेला लागल्यावर मामीनं विचारलं, "तुमच्या त्या जपानात थंडी असते काय?"

घर येईपर्यंत मामा तिला जपानातली थंडी सांगत होता.