सानगडीच्या नाटकाची परवानगी आणि नायजेरियाचे वकील

विषय : परदेशी वकील पाहून अस्मादिकांची भंबेरी उडाल्याबाबत.
संदर्भ : डोमाजीचा अर्ज व त्यावरचे माझे तीन शेरे.

उपरोक्त विषयी आता काय सांगू तुम्हाला. चहा थंड होऊ द्या. त्या दिवशी मी झालो होतो तेवढा थंड तो होणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तहसील कचेरीत नाटकांच्या परवानग्यांचं टेबल माझ्याकडे होतं. धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, भरतो, आणि बैल पळाले की त्या गावात नाटक व्हायलाच हवं. म्हणजे हिवाळाभर अख्खी झाडीपट्टी माझ्या टेबलासमोर उभी. अर्ज आला की त्रुटी काढायची, ही माझी ख्याती. बिनचूक अर्ज दिसला की मला त्यात काहीतरी काळंबेरं वाटायचं.

सानगडीचा डोमाजी हा नाटक कंपनीचा मालक. त्याचा अर्ज मी तीनदा परत केला होता. तिसरा शेरा असा : 'नाटकात राजाचा खून होतो. मारेकऱ्यावर पुढे काय कारवाई झाली, याचा खुलासा करावा.'

"बाबूजी, परवा पट हाये. मंडप ठोकून झाला. नाटक नाही झालं तं लोकं बैलाच्या जागी मलेच जुंपतीन."

"खुलासा आणा."

"उद्या येतो. घरी पाहुणा हाये, त्यालेही आणतो."

दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत एक उंच, धिप्पाड गृहस्थ आले. अंगात गुडघ्याखाली येणारा भरतकामाचा झगा, हातात वही. डोमाजी म्हणाला, "हे ओकोरो साहेब. नायजेरियाचे वकील."

पुढचं मी ऐकलंच नाही. भंडाऱ्याचा वकील असता तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवला असता. पण ज्या प्रकरणात वकील समुद्र ओलांडून येतो, ते प्रकरण कुठपर्यंत जाणार? डोळ्यांसमोर निलंबनाचा आदेश दिसू लागला, तोही टंकलिखित.

साहेबांनी फाईल जवळ ओढली आणि माझे शेरे एकेक करून वहीत उतरवायला घेतले. तिसऱ्यापाशी थांबले. माझ्याकडे निरखून पाहिलं.

"नाव काय जी तुमचं?"

चक्क आमच्या बोलीत. म्हणजे माणूस पूर्ण तयारीनं आला होता. मी नाव सांगितलं, तेही त्यांनी लिहून घेतलं.

मग मी फाईल उचलली, तहसीलदारांच्या दालनात जवळजवळ धावत गेलो, सही घेतली, शिक्का मारला आणि परवानगी डोमाजीच्या हातात ठेवली. एकूण वेळ वीस मिनिटं. डोमाजीनं कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"बाबूजी, तब्येत बरी हाये ना?"

मी तिघांचा चहा मागवला आणि हळूच विचारलं, "वकीलसाहेब, प्रकरण मिटलं असं समजू?"

"कोन्तं प्रकरण?" साहेब म्हणाले. "वकिली तं मी कवाचीच सोडली. नागपूरले कायदा शिकत होतो तवा डोमाजीभाऊची नाटकं पाह्यली. तिकडं जाऊन काही वर्षं कोर्ट केलं, पण मन लागे ना. आता आपलं थेटर हाये, कंपनी हाये. भाऊ कंपनी कसा चालवते, ते पाहाले आलो."

"मग वहीत काय लिहिलं?"

"तुमचे शेरे. नव्या नाटकात एक कारकून पाहिजे होता. असा मले सात जन्मात सुचला नसता."

डोमाजीला चहाची बशी खाली ठेवावी लागली. सानगडीचा प्रयोग छान रंगला, असं मागाहून कळलं.

वर्षभरानं नायजेरियाहून पत्र आलं. नाटक जोरात चालू आहे, कारकून रंगमंचावर नुसता आला तरी लोक हसतात, एकदा बघायला या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी पासपोर्टसाठी कचेरीकडे ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज केला. त्या टेबलावर आता माझ्याच हाताखाली तयार झालेला कारकून बसत होता. त्यानं शेरा मारला : 'सदर नाटकाशी अर्जदाराचा नेमका संबंध काय, याचा खुलासा करावा.'

खुलाशाचे तीन मसुदे केले, तिन्ही फाडले. दरम्यान सेवानिवृत्त झालो. खुलासा अद्याप सादर केलेला नाही. सबब, अर्ज प्रलंबित आहे.