उतारावर जेवणारी गाडी

"धरा."

कुठल्याही गाडीचं काम मिस्त्री या एका शब्दाने सुरू करायचे. बॉनेट उघडण्याआधी डाव्या मनगटावरचं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ काढायचे आणि समोर जो उभा असेल त्याच्या हातात ठेवायचे. बॅटरीवर काम करताना धातूचा पट्टा तारांना लागला की काय होतं, ते त्यांनी तरुणपणी एकदा बघून घेतलं होतं. मनगटावर पांढरा चट्टा होता, तो विचारल्याशिवायही दाखवायचे.

"अहो मिस्त्री, खिळ्याला अडकवा की," मी पहिल्याच भेटीत म्हटलं.

"खिळ्याला अडकवलं तं मालक चा प्यायला जातो, डाक्टर. हातात दिलं तं जागचा हलत नाय. मला काम करताना कुनीतरी जवळ उभं लागतं."

अर्ध्या महाडाने ते घड्याळ धरलेलं होतं. एका फौजदाराने उजव्या हातात धरलं आणि वाटेने जाणाऱ्या हवालदाराचा सलाम डाव्या हाताने घेतला. हे मी स्वतः पाहिलंय, ऐकीव सांगत नाही. महाडला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं, म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. ट्रकच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या मूर्खपणामुळे. मी गुरांचा डॉक्टर. सरकारी नोकरी संपली, पण पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरची माणसं निरोप पाठवायची थांबली नाहीत, आणि मलाही ती थांबायला नको होती. म्हैस अडली, शेळी फुगली, की मी स्कूटरला किक मारून निघायचो. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किक बंद झाली. घरात बसून सकाळचा पेपर दुपारी पुन्हा वाचायचा, या विचारानेच मला कापरं भरायचं.

तेवढ्यात पुण्याच्या मेव्हण्याने आपली विजेवरची छोटी मोटार काढायची ठरवली. दोन हजार सालानंतरच्या त्या पाच-सात वर्षांत अशा गाड्यांकडे पुण्या-मुंबईतसुद्धा लोक वळून बघायचे. आमच्याकडे तर अशी गाडी कुणी ऐकलीही नव्हती. "गिअर नाही, किक नाही, पेट्रोल नाही. प्लग लावा आणि चालवा!" मेव्हणा म्हणाला. मी हुरळलो. मेव्हणा एवढ्या आनंदाने का देतोय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. गाडी आली तीच मुळी टेम्पोत बसून आली, तेव्हा पडला.

माझी बायको सुमती दारातच उभी होती. "ही मोटार आहे की पिठाचा डबा?"

तिचा राग खरा होता, कारण पहिल्याच आठवड्यात त्या डब्याने आपले गुण उधळले. हॉर्न दाबला की वायपर फिरायचे. दिवे लावले की बॅटरी किती भरली ते दाखवणारा काटा पडायचा. आणि उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथून उतरताना तर ब्रेकच लागेनात. मी कशीबशी चढाच्या बाजूला गाडी घालून थांबवली, आणि घरी येऊन चूक केली ती ही, की सुमतीला खरं सांगितलं.

"दसरा," ती म्हणाली. "दसऱ्याला दारात ही शहाण्यासारखी उभी असेल तर मी स्वतः हार घालीन. नाहीतर भंगारवाल्याला मीच हाक मारणार. आणि तुमचं वाड्या हिंडणं त्या दिवसापासून बंद."

आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. दसरा दीड महिन्यावर आला होता.

मी गाडी महाडला नेली. मिस्त्रींनी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. इंजिन शोधायला पुढे गेले, मग मागे गेले, मग खाली वाकले. शेजारचे दोन गॅरेजवाले हसायला येऊन उभे राहिले होते. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि घड्याळ सोडलं.

"धरा. ही माझी."

पुढचे आठ-दहा दिवस ते त्या गाडीत राहायलाच गेले म्हणा ना. सीटखाली आठ बॅटऱ्या निघाल्या. "आठ भाव हायत, त्यातला एक आजारी. तो सगळ्यांना झोपवतोय," असं म्हणून त्यांनी एक बदलली. पुण्याच्या उंदराने वायरी कुरतडल्या होत्या आणि आमच्या पावसाने त्यांची टोकं हिरवी केली होती. ती सगळी तासून, बांधून झाली. हॉर्न दाबल्यावर हॉर्नच वाजला, तेव्हा ते बाकड्यावर बसून लहान पोरासारखे टाळ्या पिटत हसले. शेजारच्या गॅरेजवाल्यांना त्यांनी बोलावून बोलावून हॉर्न ऐकवला.

राहिले ब्रेक. लायनर नवे घातले, तेल बदललं, हवा काढली. मग आम्ही दोघे कशेडी घाटात अर्ध्यापर्यंत चढलो आणि तिथून खाली उतरलो. गाडी शहाणी! पाय काढला की आपोआप आवरत होती, ब्रेकला नुसतं बोट लावलं की थांबत होती.

"झालं का नाय काम?" मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी वाडीवर गेलो आणि उतरताना ब्रेक पुन्हा गेले. असं एकदा नाही, तीनदा झालं. महाडात ठीक, कशेडीत ठीक, वाडीवरून उतरलो की बोंब. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी निदान केलं की खिंडीतल्या देवाला नारळ राहिलाय. मी नारळ दिला. तरी ब्रेक लागले नाहीत. दसरा आठवड्यावर आला, आणि सुमतीने भंगारवाल्याची चौकशी करून ठेवल्याचं मला तिच्या भावाकडून कळलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. वय झालेल्या माणसाला सांगायला लाज वाटते, पण डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मी येतो," मिस्त्री म्हणाले. "मला तिथं बसूनच बघू द्या."

आता ती वाडी आणि तिथलं आदरातिथ्य तुम्हाला सांगितलं पाहिजे. वाडीत जाडा प्लग लावायची सोय एकाच ठिकाणी, पिठाच्या गिरणीत. गिरणीवाल्या वहिनी म्हणजे वाडीची अर्धी पंचायत. त्यांच्या दारातून पाहुणा उपाशी गेला, असं त्यांच्या सासूच्या काळापासून घडलेलं नव्हतं. मी पोचलो की वहिनी आधी गाडीला प्लग लावायच्या, मग मला पाणी द्यायच्या. दिवसभर मी गुरं बघत हिंडायचो, आणि गाडी गिरणीशी जेवत बसायची. दळणाला आलेल्या बायका कुरकुरल्या तर वहिनी म्हणायच्या, "थांब गो. पावनी जेवतेय."

त्या दिवशीही तसंच झालं. आम्हाला नाचणीची भाकरी, सुकटीचं कालवण, वर भात, वर पुन्हा भात. मी तीन वाजता निघायची भाषा केली तर वहिनींनी गाडीत डोकावून बघितलं.

"काटा अजून वर लागला नाय. अर्ध्या पोटी उठवता काय तिला?"

काटा टोकाला लागला तेव्हा पाच वाजले. तोवर मागच्या सीटवर दोन भोपळे, तांदळाचं गाठोडं आणि पाय बांधलेली एक कोंबडी येऊन बसली होती. आम्ही निघालो.

पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणाला मी पाय काढला, तर गाडी आवरायची सोडून सुटली. ब्रेक दाबला, लागला. पुन्हा दाबला, जरा कमी लागला. तिसऱ्या वळणानंतर जळका वास यायला लागला आणि ब्रेक लोण्यासारखा खाली जायला लागला.

"मिस्त्री!"

मिस्त्रींचे डोळे चमकत होते. "सापडली! चालू ठेवा, चालू ठेवा!" असं म्हणत त्यांनी काय केलं असेल? घड्याळ काढलं.

"धरा. मला सीटखाली हात घालून वायर गरम हाय का बघू द्या."

"अहो, मी स्टेअरिंग धरलंय!"

"मंग दातात धरा!"

आणि खरंच माझ्या तोंडात घड्याळ कोंबलं. मला ओरडता येईना. मिस्त्री अर्धे सीटखाली, एक हात हँडब्रेकवर, तो हळूहळू ओढतायत आणि आतून ओरडतायत, "गार हाय! वायर गार हाय, डाक्टर! करंट येतच नाय!" मागे भोपळे या दारावरून त्या दारावर. कोंबडी सुटली आणि माझ्या खांद्यावर येऊन बसली. समोरून एक शेळ्यांचा कळप येत होता, तो आम्हाला बघून आपणहून बांधावर चढला.

पुढच्या वळणावर रस्त्याच्या कामाला टाकलेला मुरुमाचा ढीग होता. तीन वर्षं तो तिथेच पडून होता आणि त्यावर गवत उगवलं होतं. सरकारचा तो मुरूम अखेर कुणाच्या तरी कामी आला. गाडी त्यात शिरली आणि थांबली.

मी तोंडातून घड्याळ काढलं आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्त्री खाली उतरले, रस्त्यात बसले आणि पोट धरून हसले. मग मलाही हसू आलं. दोन म्हातारी माणसं, एक कोंबडी, आणि हसणं काही थांबेना. मग त्यांनी एकदम डोळे पुसले.

"डाक्टर, कशेडीला आपुन उतरलो तवा काटा कुठं व्हता?"

"अर्ध्याच्या खाली. चढूनच तर गेलो होतो."

"आनि हितं?"

"टोकाला. वहिनी सोडतात का त्याशिवाय?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आवो, मंग ती काय करंल बिचारी? उतारावर पाय काढला की हिची मोटर उलटी वीज बनवते आनि बॅटरीत घालते. त्या कामात तिचा जोर जातो, म्हनून गाडी आवरते. बॅटरी भरलेली असली तं वीज घालायची कुठं? ती घेतच नाय, मंग आवरतबी नाय. सगळा भार या येवढ्याशा ब्रेकवर, ते तापले आनि गेले. गाडीत खोट नाय, डाक्टर. गाडीला जेवन जास्त झालंय!"

मी आयुष्यभर फुगलेली जनावरं बघितली, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ब्रेक गार होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो, आणि मग गाडी मुरुमातून ओढून काढून परत वर वाडीत नेली. वहिनींना सांगणं हेच खरं अवघड काम होतं. "माझ्या दारातनं अर्धपोटी?" वहिनींचा चेहरा पडला. "लोक काय म्हनतील?"

"वहिनी, हिची पंगत उतारावर मांडलेली असते," मिस्त्री हात जोडून म्हणाले. "तुमी पोटभर वाढलंत तं ती तिथं जेवनार कशी? तिची जागा ठेवा थोडी."

 वहिनी आत गेल्या, कुंकवाची डबी आणली आणि गाडीत बसून काट्याच्या काचेवर, बरोबर अर्ध्यावर, एक बोट ओढलं. "हितपातूर. त्याच्या वर नाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सुमतीला घेऊन वाडीवर गेलो. मिस्त्री मागे बसले. वहिनींनी कुंकवाच्या रेघेशी प्लग काढला. उतार सुरू व्हायच्या आधी मिस्त्रींनी घड्याळ काढून सुमतीच्या हातात दिलं. "धरा, ताई. आज मला कायबी करायचं नाय, पन तुमी धरा."

तिने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि डोळे मिटले. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. गाडी अशी आवरून चालली होती की सुमतीने एक डोळा उघडला, मग दुसरा. मुरुमाच्या ढिगाशी पोचलो तेव्हा ती काट्याकडे वाकून बघत होती.

"अगं बाई! ही तर खाली येताना भरतेय!"

दुसऱ्या दिवशी तिने हार घातला. दोन घातले, एक गाडीला आणि एक मिस्त्रींना. मिस्त्री एवढे लाजले की हार गळ्यात तसाच ठेवून एसटीत बसले.

पुढे सात वर्षं ती गाडी चालली. दर दोन-चार महिन्यांनी मिस्त्री काहीतरी निमित्त काढून माझ्याबरोबर वाडीवर यायचे, गिरणीशी प्लग तपासायचे, घड्याळ वहिनींच्या हातात द्यायचे आणि जाताना मागून घ्यायचे. मग मिस्त्रींची छाती दुखायला लागली. मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं, तेव्हा मीही गेलो. आत नेताना नर्सबाई म्हणाल्या, अंगावरचं सगळं काढून ठेवा. मिस्त्रींनी घड्याळ सोडलं, आणि त्यांचा मुलगा जवळ होता तरी माझ्याकडे बघितलं.

"धरा, डाक्टर."

मी जागचा हललो नाही. चहालासुद्धा गेलो नाही. मिस्त्री परत आले नाहीत.

घड्याळ मी मुलाला द्यायला गेलो, तर तो म्हणाला, "काका, तुमच्याकडंच राहू द्या." महिन्याभराने मी वाडीवर गेलो. वहिनींना कळलेलं नव्हतं. दुपारी चार वाजता त्यांनी काटा बघितला आणि रेघेशी प्लग काढला. ती रेघ त्या दर दसऱ्याला नव्याने ओढायच्या.

"मिस्त्री लय दिसांत आलं नाय ते?"

 मी खिशातून घड्याळ काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी नेहमीच्या सवयीने मूठ मिटली. मग माझ्याकडे बघितलं आणि मूठ उघडली.

"न्यायला येनार नाय ते आता?"

मी मान हलवली. वहिनी आत गेल्या, दोन ताटं वाढून आणली. एक माझ्यापुढे ठेवलं, एक बाकड्यावर मिस्त्रींच्या जागेवर ठेवलं, आणि मी जेवून उठेपर्यंत घड्याळ हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. जागच्या हलल्या नाहीत.

मग त्यांनी ते माझ्या मनगटावर बांधलं, आणि मी निघालो. उतारभर मला ब्रेकला पाय लावावा लागला नाही. खाली रस्त्याला लागलो तेव्हा काटा कुंकवाच्या रेघेच्या बराच वर आला होता.