वादळाची अर्धी गोष्ट

आखातातल्या अल कुसैसच्या आमच्या बाल्कनीत त्या सकाळी पापड वाळत घालावेत असं ऊन होतं. ढगाचं नाव नाही. आणि मी सोफ्यावर बसून मोबाइलवर मॉरिशसचं वादळ बघत होते. पांढरा भोवरा, मधोमध भोक आणि त्याच्या वाटेत ते एवढंसं बेट. शाळेच्या सुट्टीत सून नातीला घेऊन माहेरी गेली होती, आणि परतीचं विमान रद्द झालं होतं.

मुलगा घरूनच काम करत होता. म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून खिडकीत उभा होता.

"आई, तो मॅप बंद कर. तू बघितल्याने ते वळणार नाहीये."

"तुला खिडकीतून दिसतंय का मॉरिशस?"

तो लॅपटॉपपाशी येऊन बसला.

सून मॉरिशसची मराठी. तिच्या खापरपणजोबांना रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात मजूर म्हणून नेलं होतं. लग्न ठरलं तेव्हा मला याचा पत्ता नव्हता. तेव्हाची मी म्हणजे एक नगच होते. मॉरिशस म्हणजे हनिमूनवाल्यांचा समुद्रकिनारा, तिथे बिचाऱ्यांना हळद कुठून मिळणार, म्हणून बॅगेत हळकुंडं, आंब्याचे टाळे आणि ओटीचे नारळ भरून लग्नाला निघाले. विमानतळावर सगळं काढून घेतलं. बाहेरचं पान, बी, माती बेटावर येऊ देत नाहीत. नारळाच्या बेटावर नारळ घेऊन गेलेली बाई म्हणून तिकडे मी अजून प्रसिद्ध आहे.

विहीणबाईंनी मला बेट दाखवलं. उसाच्या शेतांत जागोजागी काळ्या दगडांचे डोंगराएवढे ढीग होते. मी विचारलं, "ही कुठली देवळं?" त्या म्हणाल्या, "देवळं न्हाईत. आमच्या म्हाताऱ्यांनी शेतातले दगड येचून रचलेत." हे बेट मुळात कुणाचंच नव्हतं, त्यांनी सांगितलं. पक्षी आणि काळ्या लाकडाचं रान, बस. मग गोरे आले, त्यांनी आफ्रिकेतून माणसं धरून आणली, रान तोडलं, ऊस लावला. गुलामी सुटल्यावर आपले लोक आले. भोजपुरी आले, तमिळ आले, कोपऱ्यावर चिनी दुकानदार आला. सगळे क्रिओल, म्हणजे तिथली मोडकी फ्रेंच, बोलायला लागले, पण गणपतीत आरती मराठीतच. मी पैठणीत घामाघूम होऊन मान डोलवत होते.

मग ओट्यावर बसून त्या वादळाची गोष्ट सांगायला लागल्या. त्यांच्या आजोबांच्या वेळचं वादळ. वारा एकदम थांबला, ऊन पडलं, आजोबांना वाटलं संपलं. शेळी सुटली होती, ती बघायला ते बाहेर पडले. आणि तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर रताळ्याच्या गोड करंज्या होत्या. माझं सगळं लक्ष तिकडे. पुढची गोष्ट मी ऐकलीच नाही. "अगं बाई, हो का," एवढं मात्र योग्य जागी म्हणाले असणार.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दुपारी फोन वाजला. नात होती.

"आजी, इट्स ओव्हर! इट्स सो क्वाएट. सूर्य पण आलाय. लिचीच्या झाडाखाली इतक्या लिची पडल्यात, आय ॲम गोइंग टू—"

"थांब. बाहेर जाऊ नकोस. आजीला फोन दे, तुझ्या तिथल्या आजीला—"

फोन कट. परत लावला, लागला नाही. सुनेचा लागला नाही, विहीणबाईंचा लागला नाही. मुलाने माझ्या हातातून मोबाइल घेऊन नकाशा मोठा केला. बेट बरोबर भोकात होतं.

"बाबा रे, तो वारा परत येतो ना?"

"येतो. उलट्या बाजूने."

"किती वेळाने?"

"माहीत नाही, आई."

मी त्या आजोबांच्या मागे लागले. शेळी सुटली, बरं, पुढे? गेले कुठे? परत आले का? डोळे मिटून ओटा आठवला, विहीणबाईंचं हिरवं लुगडं आठवलं, करंजीचं सारण आठवलं. गोष्ट काही आठवेना. त्या करंज्यांवर मी इतकी कधी चिडले नव्हते. घड्याळ तिथलं आणि इथलं एकच, त्यामुळे हिशेब करून मन रमवायचीही सोय नव्हती. खाली रस्त्यावर कुणीतरी "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, असं ओरडत ट्रक मागे घेत होतं. मुलाने जेवण गरम केलं आणि दोघांनीही ते झाकून ठेवलं.

संध्याकाळी दिवा लावत होते तेव्हा फोन आला. मुलाने स्पीकरवर टाकला. आधी सून बोलली, सगळे ठीक आहेत, मागचा पत्रा उडाला. मग नात, फुरंगटलेली.

"आजी, इथली आजी ना, शी टाइड मी! स्वतःच्या पदराला. आय कुडन्ट गेट इव्हन वन लिची."

मुलगा तोंड फिरवून परत खिडकीत गेला.

मग विहीणबाई आल्या. "वारं पडलं की आधी पोर बांधायची, मंग खिडकीच्या फळ्या ह्या बाजूच्या त्या बाजूला करायच्या. तुमाला सांगितलं हुतं की लग्नात."

"सांगितलं होतंत. विहीणबाई, एक विचारू? ते तुमचे आजोबा. शेळी बघायला गेले. त्यांचं पुढे काय झालं?"

त्या पलीकडे हसल्या असाव्यात. मागे वाऱ्याचा आवाज अजून येत होता.

"मला वाटलंच हुतं तुमी ऐकलं न्हाई. चहा आला हुता." मग म्हणाल्या, "दगडांच्या ढिगाला चिकटून बसले. त्यांच्याच बापानं रचलेला ढीग. वारं फिरलं तसे हे बी ढिगाभोवती सरकले. सकाळी चालत घरी आले."

"आणि शेळी?"

"शेळी घरीच हुती. चुलीपाशी."

मी मुलाला म्हटलं, चहा टाक. आणि फोन काही ठेवला नाही.