बॉनेटवरचा पेला

मिस्त्रींना ‘नाही’ म्हणणं आयुष्यात कधी जमलं नाही. चाळीस वर्षांत गॅरेजच्या दारातून एकही गाडी त्यांनी परत पाठवली नव्हती आणि त्याचा त्यांना भारी गर्व. गर्वाचं घर खाली, असं बायको अधूनमधून सुनवायची. ते हसण्यावारी न्यायचे.

मग जावयाने तो ट्रक आणला. पन्नास वर्षांचं धूड, गोल नाकाचं, साध्या चढावर धापा टाकणारं. त्यात दुप्पट ताकदीचं इंजिन हवं होतं. आता जावयालाच नाही कसं म्हणायचं! मिस्त्रींनी तीन आठवडे जीव ओतला. इंजिनाची बैठक कापून नवी केली, रेडिएटर पुढे सरकवला. ब्रेक जेमतेम आहेत हे मात्र त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. जुनं इंजिन गाडीला पळूच देत नव्हतं, म्हणून आजवर निभावलं होतं.

“अहो, ब्रेक आधी करा,” डबा ठेवताना बायको म्हणाली. “सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही.”

“करतो गं. सामान यायचंय अजून.”

सामानाआधी जावई आला, सोबत मुलगी. मिस्त्रींनी इंजिन चालू केलं आणि काठोकाठ भरलेला पेला बॉनेटवर ठेवला. पाणी हललंसुद्धा नाही.

“मामा, मानलं तुम्हाला! हिला एक चक्कर मारून आणतो.”

“जावईबापू, ब्रेक अजून...”

“हळूच नेतो हो. की स्वतःच्याच कामावर भरवसा नाही?”

हे मिस्त्रींना झोंबलं. मुलगी तर वर चढून बसलीही होती. “बाबा, दहा मिनिटांत आलोच!” किल्ली काढून घ्यायला हात पुरत होता. मिस्त्रींनी पेला तेवढा उचलला आणि बाजूला झाले.

गॅरेजपुढचा रस्ता थेट खालच्या चौकापर्यंत उताराचा. जुना ट्रक कुठवर गेला, कितव्या गिअरमध्ये आहे, हे त्यांना इथे उभ्याउभ्या कानाने कळायचं. आज वळणाआड गेल्यावर काहीच ऐकू येईना. आपणच इतकं गुळगुळीत काम केलं, याची त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली.

मग खालून हॉर्न वाजला. थांबेचना.

बायको धावत बाहेर आली. “अहो, ब्रेक केले होते ना?”

हातातलं पाणी चपलांवर सांडत होतं.

“नाही,” मिस्त्री म्हणाले.